मालवाहतुकीचे नियोजन संगणकाकडे सोपवताना: डिझेल नेमके कुठे वाचते?

धागाकर्ता: पाठवणी_विभाग

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात माल रवाना करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. थोड्या गाड्या कारखान्याच्या स्वतःच्या आणि बऱ्याचशा बाजारातून भाड्याने घेतलेल्या, अशी आमची व्यवस्था आहे. मार्गनियोजनाचे सॉफ्टवेअर विकणारे प्रतिनिधी हल्ली वरचेवर येतात आणि प्रत्येकाच्या सादरीकरणात खर्चातील बचत आणि कर्बवायूतील घट यांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले असतात, जणू एकाबरोबर दुसरे आपसूकच पदरात पडते. व्यवस्थापनाने माझ्याकडे लेखी अभिप्राय मागितला आहे. त्यासाठी जे वाचले ते रोजच्या कामाशी ताडून पाहिल्यावर माझे जे मत झाले, ते येथे मांडतो. वाहतूक, रेल्वे आणि गणित या क्षेत्रांतील सभासदांनी त्याची चिकित्सा करावी, ही विनंती.

प्रश्न तसा जुनाच आहे. जॉर्ज डान्झिग आणि जॉन रॅमसर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, एका मोठ्या साठ्यापासून अनेक पंपांपर्यंत पेट्रोल पोचवणाऱ्या टँकरांचा ताफा कमीत कमी अंतरात कसा फिरवावा, हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यावर एक रीत सुचवली, जी कागद-पेन्सिल घेऊनही करता येते. समजा, पुण्याहून साताऱ्याला एक आणि कराडला दुसरी अशा दोन गाड्या जातात. साताऱ्याचे अंतर ११० आणि कराडचे १६० किलोमीटर धरले, तर दोन्ही गाड्यांचे जाऊन-येऊन ५४० किलोमीटर होतात. दोन्हीकडचा माल एकाच गाडीत बसत असेल, तर ती सातारा करून कराडला जाईल आणि ३२० किलोमीटरमध्ये परत येईल. म्हणजे २२० किलोमीटर वाचले. हाच हिशेब कराड आणि नाशिक या जोडीसाठी केला तर बचत शून्याच्या आसपास येते, कारण एक गाव दक्षिणेला आणि दुसरे उत्तरेला. सगळ्या ग्राहकांच्या जोड्यांची अशी बचत काढायची, सर्वांत मोठी बचत देणारी जोडी आधी जुळवायची आणि गाडी भरली की पुढची गाडी घ्यायची, इतकीच ती रीत आहे. संगणक लागतो तो थांबे वाढल्यावर. अवघ्या १५ थांब्यांचे संभाव्य क्रम सुमारे १.३ लाख कोटी होतात आणि त्यातून सर्वोत्तम क्रम नुसत्या अनुभवावर निवडणे कोणालाही शक्य नाही.

यशाचे जे उदाहरण सगळे विक्रेते देतात, ते अमेरिकेतील यूपीएस या घरोघर पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या 'ओरायन' या मार्गनियोजन प्रणालीचे आहे. तिची मोठ्या प्रमाणावरील उभारणी २०१३ मध्ये सुरू झाली, २०१६ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ५५ हजार मार्ग तिच्याखाली आले, आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे वर्षाला १० कोटी मैल, एक कोटी गॅलन इंधन आणि एक लाख टन कर्बवायू यांची बचत झाली. २०१६ मध्येच तिला क्रियात्मक संशोधनातील (ऑपरेशन्स रिसर्च) प्रतिष्ठेचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कारही मिळाला. या आकड्यांबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती ते आकडे आमच्या फाटकाबाहेर लावण्याबद्दल. यूपीएसची गाडी स्वतःची, चालक पगारी, दिवसाला शंभराहून अधिक थांबे, आणि संध्याकाळी गाडी जिथून निघाली तिथेच परत. अशा ठिकाणी थांब्यांचा क्रम सुधारला की पैसे वाचतात. आमची भाड्याची गाडी चाकणहून निघून नागपूरच्या बुटीबोरीला एकच थांबा घेते. तिथे क्रम लावायचा कशाचा?

माझ्या मते आपल्याकडील पैसा आणि धूर हे दोन्ही दोन ठिकाणी वाया जातात: माल उतरवल्यानंतर रिकाम्या परतणाऱ्या गाडीत, आणि कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दारात तिष्ठत उभ्या राहणाऱ्या गाडीत. सॉफ्टवेअरला आपण ज्या गोष्टीची किंमत सांगतो, तेवढीच गोष्ट ते वाचवू शकते. आमच्या फाटकावरील नोंदवहीत गाडी आत आल्याची वेळ असते, वजनकाट्याची वेळ असते, बाहेर पडल्याची वेळ असते. पण ती गाडी बाहेरच्या रस्त्यावर कधी येऊन उभी राहिली, याचा रकानाच नाही. मग संगणकाच्या दृष्टीने ती गाडी उभी नव्हतीच. परतीच्या रिकाम्या प्रवासाचेही तसेच, कारण भाडे आम्ही एकेरी देतो.

म्हणून मला विचारायचे आहे की, मार्गनियोजनावर पैसे खर्च करण्याआधी या दोन गोष्टींची किंमत गणितात आणता येते का, आणि कोणी तशी आणली आहे का?

---

प्रतिसाद: बिंदुरेषा

विषयाची मांडणी नेटकी झाली आहे. मी अशा प्रकारच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडी भर घालतो.

आपण म्हणता तशी किंमत गणितात आणता येते, आणि ती आणण्यासाठी महागडे सॉफ्टवेअरही लागत नाही. गूगलचे 'ओआर-टूल्स' मोफत आहे, 'व्हरूम' हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरून अंतरे काढून देणारे 'ओएसआरएम'ही मुक्तच आहे. या सर्वांत एक उद्दिष्टसूत्र असते, ज्यात किलोमीटरला इतके रुपये, तासाला इतके रुपये, उशिराला इतका दंड असे भाव भरायचे असतात, आणि काही बंधने असतात: गाडीची क्षमता, ग्राहकाने दिलेली वेळ, चालकाचे कामाचे तास, शहरात अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळा. बहुतेक ठिकाणी तासाचा भाव शून्य ठेवून काम सुरू केले जाते, कारण तो कोणालाच ठाऊक नसतो. शून्य भाव भरला की आज्ञावली खुशाल असा मार्ग देते, ज्यात गाडी भिवंडीत पहाटे पोचते आणि गोदाम उघडेपर्यंत दारात उभी राहते. तिच्या हिशेबी ते थांबणे फुकट असते.

आता अंतराविषयी. नकाशावरचे अंतर आणि डिझेल यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटात वर्षानुवर्षे अशी व्यवस्था राहिली आहे की साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यावे लागते. म्हणजे 'अ' ते 'ब' आणि 'ब' ते 'अ' या दोन्हींचे अंतरही सारखे नाही, आणि डिझेल तर मुळीच नाही. त्यात भरलेली गाडी चढते आहे की रिकामी, याने आणखी फरक पडतो. बेक्तास आणि लापोर्त यांनी २०११ मध्ये याच अंगाने मूळ प्रश्नाची नवी मांडणी केली, ज्यात अंतराच्या जोडीला गाडीवरील भार आणि वेग यांवरून उत्सर्जन मोजले जाते. त्या मांडणीत कधी कधी असे उत्तर येते की जड माल आधी उतरवावा, मग त्यासाठी चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, कारण पुढचा सगळा प्रवास हलक्या गाडीने होतो. सर्वांत कमी अंतराचा मार्ग आणि सर्वांत कमी धुराचा मार्ग हे बहुधा एकच असतात, पण नेहमी नसतात.

एक सावधगिरीची सूचना. विक्रेते 'आमचे उत्तर इष्टतमाच्या (म्हणजे शक्य तितक्या उत्तम उत्तराच्या) दोन टक्के आत असते' असे सांगतात. ते खरे असू शकते. परंतु प्रवासाच्या वेळेचा अंदाजच जर वीस-पंचवीस टक्क्यांनी चुकत असेल, तर त्या दोन टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. मी ग्राहकांना नेहमी सांगतो की, पहिले सहा महिने आज्ञावलीपेक्षा नोंदींवर खर्च करावा. हे ऐकून बरेच ग्राहक दुसऱ्या विक्रेत्याकडे जातात, ही गोष्ट वेगळी.

आणि गाडी भरण्याचा क्रम विसरू नये. जो माल शेवटी उतरवायचा तो आत, आधी उतरवायचा तो दाराशी. गाडी भरून झाल्यावर संगणकाने थांब्यांचा क्रम बदलला, तर पहिल्याच ग्राहकाच्या दारात अर्धी गाडी उतरवून पुन्हा भरावी लागते, आणि ती हमाली कोणाच्याच तक्त्यात दिसत नाही.

---

प्रतिसाद: दहाचाकी

माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत आणि मी कराडहून धंदा करतो. धागाकर्त्यांनी रिकाम्या परतीचा उल्लेख केला, पण ती रिकामी का येते, हे सांगणे आवश्यक वाटते.

आपण नागपूरचेच उदाहरण घेऊ. पुण्याहून नागपूर सुमारे ७०० किलोमीटर. रिकामी गाडी लिटरला साडेपाच किलोमीटर देते असे धरले, तर परतीला सव्वाशे लिटरच्या पुढे डिझेल जाते, म्हणजे साडेअकरा हजार रुपयांच्या आसपास, आणि टोल वेगळा. दुसऱ्या बाजूला गाडीचा हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार मिळून उभ्या गाडीचा माझा दिवसाचा खर्च तीन हजारांच्या घरात जातो. मग सरळ हिशेबाने दोन-तीन दिवस थांबून परतीचे भाडे मिळवणे परवडायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण तुमचा कारखाना चालकाला परवा सकाळी पुन्हा दारात हजर राहायला सांगतो, आणि तो हजर राहिला नाही तर पुढचे भाडे दुसऱ्याला जाते.

शिवाय गाडी गाडीत फरक असतो. सुट्या भागांसाठी तुम्हाला बंद कंटेनरची गाडी लागते, आणि चंद्रपूरकडील सिमेंटच्या गोण्या उघड्या गाडीत जातात. बंद गाडीत मी एकदा कांदा भरला की वास आठ-आठ दिवस जात नाही. त्यानंतर बिस्किटाच्या कारखान्यात गेलो तर तिथला तपासनीस दार उघडताच नाक मुरडतो आणि गाडी परत पाठवतो. मोबाइलवरील भाडे जुळवणारी ॲप गाडीची लांबी आणि वजन विचारतात, मागच्या फेरीला काय भरले होते हे विचारत नाहीत. आमच्या वाहतूकनगरातील दलालाला ते ठाऊक असते. दलाल कमिशन घेतो म्हणून त्याला सगळे नावे ठेवतात, पण कोणत्या कंपनीचे पैसे वेळेवर निघतात, कोणत्या गोदामात वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) किती मागतात आणि कोठे गाडी दोन दोन दिवस उभी करतात, ही माहिती त्याच्याच डोक्यात असते. संगणकाला ही माहिती दिल्याशिवाय तो दलालाची जागा घेईल, असे मला वाटत नाही.

थांबण्याविषयी धागाकर्त्यांनी लिहिले ते वाचून समाधान वाटले. एका मोठ्या कंपनीच्या गोदामात, जिचे नाव घेत नाही, माझी गाडी नियोजनाप्रमाणे दिलेल्या वेळेला पोचली आणि तरीही तिला दुसऱ्या दिवशी दुपारी आत घेतले. कंपनीच्या पडद्यावर मात्र 'वेळेवर पोच' असा हिरवा शेरा होता. थांबण्याचे पैसे मागितले तर करारात तसे कलम नाही, असे उत्तर मिळाले. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे चालकाचे कामाचे तास दिवसाला आठ ठरलेले होते; नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. फाटकाबाहेर रांगेत जागे राहिलेले तास कामाच्या तासांत कोणी धरत नाही. मग आत घेतल्यावर उशीर भरून काढण्यासाठी त्याच चालकाला रात्रभर गाडी हाणावी लागते.

---

प्रतिसाद: शंकेखोर

मूळ मुद्दा मान्य आहे, पण एक विचारतो. या साऱ्या सुधारणेने वाचलेले पैसे गाडीमालकाला मिळणार, चालकाला मिळणार, की कंपनी पुढच्या निविदेत भाडेच कमी करणार? आणि वाहतूक स्वस्त झाली की माल आणखी लांबून मागवला जाईल, मग धूर कमी झाला असे कसे म्हणायचे?

---

प्रतिसाद: पाठवणी_विभाग

शंकेखोर, पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, आजच्या करारपद्धतीत वाचलेले पैसे कंपनीकडेच राहतील. म्हणूनच थांबण्याचा ताशी दर करारात लिहावा असे मला वाटते, आणि ते गाडीमालकावरील उपकार म्हणून नव्हे. तो दर आमच्या विभागाच्या खर्चात दिसू लागला की आमचेच उत्पादन विभागाचे लोक माल वेळेवर बांधून ठेवतील, आणि संगणकाला भरण्यासाठी खरा भावही मिळेल. दुसऱ्या प्रश्नाबाबत आपले म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तथापि, रिकामी गाडी धावली नाही म्हणून जे डिझेल जळले नाही, त्याबद्दल वाद होण्याचे कारण मला दिसत नाही.

दहाचाकी, परवा सकाळी हजर राहण्याच्या सक्तीबद्दल आपण लिहिलेत, ते आमच्याकडेही तसेच आहे. एकच गाडी ठरावीक दिवशी परत हवी, हा आग्रह सोडून कोणतीही योग्य गाडी चालेल असे म्हटले, तर आपल्याला नागपुरात थांबायला वाव मिळेल.

---

प्रतिसाद: कोकणरूळ

रस्त्यावरील गाडी चांगली कशी चालवावी यावर एवढी चर्चा झाली, पण ती गाडी रस्त्यावरून काढून टाकण्याचा पर्याय कोणी विचारात घेतलेला दिसत नाही, म्हणून निवृत्त रेल्वे कर्मचारी या नात्याने लिहितो.

कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे ट्रक उताराच्या फलाटावरून एकामागून एक वाघिणींवर चढतात, चाकांना पाचर आणि साखळ्या लागतात, चालक आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसतात, आणि गाडी गोव्यातील वेर्णा येथे किंवा त्याही पुढे कर्नाटकातील सुरतकल येथे उतरते. घाट, अपघात, टायरची झीज आणि चालकाची रात्रीची झोप, या सर्वांचा प्रश्न एकदमच मिटतो. २०२२ मध्ये या मार्गाचे पूर्ण विद्युतीकरण झाले. मात्र वर तारा आल्यामुळे मालाच्या उंचीकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

प्रश्न असा की, मार्गनियोजनाच्या सॉफ्टवेअरला ही सेवा 'रस्ता' म्हणून दिसतच नाही. त्याच्या नकाशात कोलाड ते वेर्णा हा महामार्ग आहे. त्यावर समांतर धावणारा, ठरावीक वेळी सुटणारा, ठरावीक भाड्याचा रूळ नाही. संगणकाला तो सांगितला तरी, गाडीमालक अंतिमतः विचारतो ते कोलाडला किती वेळ थांबावे लागेल हे, कारण वाघिणींची अख्खी रांग (रेक) पुरेशी भरेपर्यंत आधी आलेल्यांना वाट पाहावी लागते. येथेही अडले आहे ते थांबण्याशीच.

पश्चिम समर्पित मालवाहू मार्गाचीही, म्हणजे केवळ मालगाड्यांसाठीच्या रेल्वेमार्गाचीही, नोंद घ्यावी. न्हावा-शेवा ते दिल्लीजवळील दादरी या १,५०६ किलोमीटरच्या मार्गाची आखणी विजेच्या तारांखालून दोन मजली कंटेनर नेता यावेत अशी आहे. तथापि चाकणच्या कारखान्याला माल उत्तर भारतात पाठवायचा असेल, तर आधी कंटेनर आगारापर्यंत ट्रक, मग रेल्वे, मग तिकडे पुन्हा ट्रक, असे तीन टप्पे होतात. प्रत्येक टप्प्यावर चढ-उतार आणि प्रतीक्षा आहे. लांब पल्ल्याला रेल्वे स्वस्त आणि कमी धुराची असते, आणि जवळच्या पल्ल्याला हे चढ-उतारच तिची बचत खाऊन टाकतात. हा सांधा नेमका कोणत्या अंतरावर बदलतो, हे प्रत्येक मालासाठी वेगळे येते, आणि माझ्या मते संगणकाकडून काढून घेण्यासारखे गणित कोणते असेल तर ते हे आहे. पुणे-साताऱ्याचे उत्तर आपले जुने लोक तोंडी देत आले आहेत.

---

प्रतिसाद: कर्बवही

धाग्याच्या शीर्षकात डिझेल आहे, पण कर्बवायूचा हिशेब कसा मांडतात यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही. माझे काम त्याच क्षेत्रातील असल्याने थोडे तपशिलात जाते.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. हा आकडा इंधनाच्या रासायनिक घडणीवरून येतो, त्यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. आता दहाचाकी यांचेच उदाहरण पुढे नेऊ. १६ टन माल भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल, तर ७०० किलोमीटरला १७५ लिटर डिझेल आणि सुमारे ४७० किलो कर्बवायू होतो. १६ टन गुणिले ७०० किलोमीटर म्हणजे ११,२०० टन-किलोमीटर. भागाकार केला की प्रति टन-किलोमीटर ४२ ग्रॅम येतात. कंपन्यांच्या सादरीकरणात दिसतो तो हा आकडा. परंतु रिकाम्या परतीचे सुमारे ३४० किलो त्यात मिळवले, तर तोच आकडा ७२ ग्रॅमवर जातो. माल तितकाच, गाडी तीच, रस्ता तोच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १४०८३ या आंतरराष्ट्रीय मानकात वाहतूक साखळीतील रिकाम्या फेऱ्या हिशेबात धरणे अपेक्षित आहे. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे, आणि मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांकडून आणि वाहतूकदारांकडूनही आकडे मागू लागल्या आहेत. भाड्याच्या गाडीची रिकामी परत मात्र कोणाच्याच वहीत येत नाही. माल पाठवणारा म्हणतो की माल उतरला तिथे माझा संबंध संपला, आणि गाडीमालकाला कोणी विचारत नाही. अशा वहीवर आधारलेले सॉफ्टवेअर 'उत्सर्जनात घट' दाखवते तेव्हा, कधी कधी तो धूर फक्त आपल्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर गेलेला असतो.

हा विषय किरकोळ नाही. नीती आयोगाने दिलेल्या माहितीनुसार देशातील एकूण वाहनांत ट्रक अवघे तीन टक्के आहेत, पण रस्ते वाहतुकीतील कर्बवायूचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा त्यांच्याकडून येतो. नीती आयोग आणि रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट यांच्या २०२१ च्या अहवालात रेल्वेचा वाटा वाढवणे आणि ट्रकांचा अधिक चांगला वापर करणे या दोन्ही गोष्टींवर भर आहे, तो यामुळेच.

---

प्रतिसाद: गोदाम_भिवंडी

वरील सर्व चर्चेत गोदाम कुठे आहे हे गृहीत धरले गेले आहे. वास्तविक सर्वांत मोठी बचत किंवा उधळपट्टी तिथेच ठरून जाते.

भिवंडीजवळच्या मानकोली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामे उभी राहण्यामागे, हा भाग मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर आणि तरीही शहराच्या तोंडाशी आहे, हे एक प्रमुख कारण होते. त्याचप्रमाणे आंतरराज्य विक्रीवर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातील गोदामात माल हलवला तर तो लागत नसे, म्हणून कंपन्यांनी राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात आणि केंद्रीय विक्रीकर दोन्ही मागे पडले, आणि सीमेवरील तपासणी नाक्यांवरची कराची रांगही गेली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी संगणकावर सर्व ग्राहक आणि कारखाने मांडून, किती गोदामे हवीत आणि कोठे, याचे उत्तर नव्याने काढले. चार छोट्यांऐवजी एक मोठे गोदाम असे ते उत्तर बहुधा येते, कारण मग गाड्या पूर्ण भरून जातात. करासाठी बांधलेले जाळे तसेच ठेवून त्यावर मार्गनियोजन बसवले, तर संगणक चुकीच्या जागेहून निघणारा सर्वांत उत्तम मार्ग शोधून देईल. आमच्या बाजूच्या गल्लीत दुपारी एक ते दोन माथाडी कामगारांची जेवणाची सुट्टी असते, आणि तरीही बाहेरगावची नियोजने बरोबर पाऊण वाजता गाड्या आणून उभ्या करतात, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

---

प्रतिसाद: बिंदुरेषा

कर्बवही यांनी केलेला ४२ आणि ७२ ग्रॅमचा हिशेब माझ्या पुढच्या प्रत्येक ग्राहकाला दाखवण्याचा विचार आहे, त्यांची अनुमती गृहीत धरतो.

कोकणरूळ यांच्या मुद्द्याला तांत्रिक उत्तर आहे. रूळ हा ठरावीक वेळापत्रक असलेला दुवा म्हणून जाळ्यात घालता येतो, आणि कोलाडची प्रतीक्षा एका सरासरी आकड्याऐवजी 'बहुतेक वेळा इतके तास, वाईट दिवशी इतके' अशा दोन आकड्यांनी मांडता येते. त्यासाठी सुटण्याच्या प्रत्यक्ष वेळांच्या जुन्या नोंदी लागतात. राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'युलिप' या सरकारी व्यासपीठावर फास्टॅग, वाहन नोंदणी आणि रेल्वेच्या मालवाहतुकीची माहिती एकत्र मिळण्याची सोय आहे. फास्टॅगची दोन टोलनाक्यांवरील वेळ जुळवली की घाटात गाडीला खरोखर किती तास लागले हे कळते, आणि नकाशाच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. टोलनाका आणि कारखान्याचे फाटक यांच्यामधला काळ मात्र त्यातही सापडणार नाही. तो फाटकावरच लिहावा लागेल.

---

प्रतिसाद: पाठवणी_विभाग

सर्वांचे आभार. व्यवस्थापनाला देण्याच्या अभिप्रायाचा मसुदा या चर्चेवरून असा ठरवला आहे. सॉफ्टवेअरची खरेदी तूर्त पुढे ढकलावी. फाटकाबाहेर गाडी पोचल्याची वेळ चालकाच्या मोबाइलवरून नोंदवून घ्यावी आणि तिच्यावर पहारेकऱ्याने शिक्का द्यावा. पुणे-नागपूर आणि पुणे-कोल्हापूर या दोन मार्गांवर, गाडीमालकांशी जाऊन-येऊन असा एकत्र दर ठरवून परतीच्या भाड्यातील बचत अर्धी-अर्धी वाटून घ्यावी, म्हणजे रिकाम्या परतीची किंमत प्रथमच आमच्या वहीत येईल. या नोंदी हाती आल्यावर, आज ज्या मार्गांनी गाड्या गेल्या त्यांच्यावरच मोफत आज्ञावली चालवून पाहावी आणि फरक डिझेलच्या लिटरमध्ये मोजावा, किलोमीटरमध्ये नव्हे.

दहाचाकी, आपल्याला हा एकत्र दर मान्य होण्यासारखा वाटतो का?

---

प्रतिसाद: दहाचाकी

एकत्र दर मान्य आहे, पण दोन अटींवर. परतीला कोणता माल भरायचा हे मी ठरवीन, कंपनीने केवळ वजनाची पावती पाहावी. आणि थांबण्याचा दर पहिल्या चार तासांनंतर आपोआप लागू व्हावा, त्यासाठी मला अर्ज करायला लावू नये. ही दुसरी अट मान्य नसेल तर पहिलीचा मला उपयोग नाही, कारण तुमच्या दारात गेलेला दिवस मला नागपुरातील परतीच्या भाड्यातून भरून काढावा लागेल, आणि मग मी तिथे थांबणार नाही.